टर्म संपू दे

मेलरॉय मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी पेंग्विन होते.

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढे फारसं हसण्यासारखं काही नाही.

एप्रिलची दुपार होती. आमच्या इंटरनॅशनल स्कूलच्या वार्षिक कार्यक्रमाचा यंदाचा विषय होता 'वितळती पृथ्वी'. वसईच्या त्या उकाड्यात पृथ्वीचं माहीत नाही, आम्ही सगळ्या टीचर मात्र नक्की वितळत होतो. माझी तिसरीची मुलं पेंग्विन होणार होती. पोशाख भाड्याने आणले होते आणि मापं बघायला आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा हॉल दिला होता. त्यात एक पोशाख चुकून मोठ्या माणसाच्या मापाचा आला. "मिस, तुम्ही घाला ना, प्लीज ना मिस," अशी मुलांनी गळ घातली आणि मी मूर्खासारखा घातला. पाठीची चेन वर गेली आणि तिथेच अडकली. तेवढ्यात पोहण्याच्या तासाची घंटा झाली. सगळी वानरसेना मला तशीच सोडून खाली पळाली.

चोचीच्या भोकातून जेमतेम समोरचं दिसत होतं. कोणीतरी भेटेल म्हणून मी पंख हलवत कॉरिडॉरमधून निघाले आणि म्युझिक रूमच्या दारात एका माणसाला जाऊन धडकले.

"सॉरी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "एक मिनिट… सॉरी मी कशाला म्हणतोय?"

"चेन अडकलीय," मी आतून ओरडले. "ओढा."

"ओळख ना पाळख…"

"जास्त बोललात तर चोच मारीन."

तो हसला. त्याने आधी माझा कुर्ता चेनमध्ये येत नाही ना ते बघितलं, मग सावकाश चेन सोडवली. मी डोक्यावरून पेंग्विन काढला तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, तोंड लालभडक, आणि समोर हा उंच माणूस, हातात गिटारची तुटकी तार.

"रंभा टीचर ना? मराठी शिकवता?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"स्टाफ मीटिंगमध्ये तुमचं नाव घेतलं की सगळे मागे वळून बघतात."

"आजीचं नाव आहे," मी ताडकन म्हटलं. हे वाक्य मी पहिलीपासून म्हणत आलेय. "ती गेली त्याच वर्षी मी जन्मले. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुमचा चेहरा म्हणाला."

"बरं… चेहऱ्याला मी समजावतो," तो म्हणाला आणि खरंच चेहरा गंभीर करून उभा राहिला. मला हसू आलं. आलं म्हणजे काय, आवरलंच नाही.

तो म्युझिक टीचर होता, राजोडीचा, ऑगस्टमध्ये लागलेला. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, माझे वर्ग तळमजल्यावर. म्हणजे वर्षभर आम्ही एकाच इमारतीत होतो, एकाच कॅन्टीनचा तो पाणचट चहा पीत होतो, आणि भेटलो कधी, तर वर्ष संपायला आलं तेव्हा. माझं नशीबच तसलं आहे.

दुसऱ्याच दिवशी आमच्या कोऑर्डिनेटर प्रिस्का मॅडमनी मला बोलावलं. "रंभा, एक मराठी आयटम हवाच. पण छोटा ठेव हां. पॅरेंट्सना कळला पाहिजे." गाणं मी लिहायचं, चाल मेलरॉयने लावायची. मग रोज मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला लागले.

गाणं साधंच होतं. *बर्फ गेला, पाणी झालं, सांग आता जाऊ कुठं?*

"पेंग्विन एवढे दुःखी का?" कीबोर्डवर बोटं फिरवत त्याने विचारलं.

"घर गेलंय त्यांचं. मग काय नाचतील?"

"शेवटी एक आशेची ओळ टाक ना. मुलांनी गायचंय."

"टर्म संपू दे, मग टाकते."

हे वाक्य त्या महिन्यात आमच्या शाळेत सगळ्यांच्या तोंडी असतं. कोणाची दाढ दुखते, टर्म संपू दे. कोणाची सासू रुसलीय, टर्म संपू दे. कार्यक्रम, परीक्षा, रिपोर्ट कार्ड, पालकांच्या भेटी, सगळं एकदम अंगावर येतं आणि जगण्याची बाकी कामं पुढे ढकलली जातात. घरी गिरीजलाही माझं तेच चाललं होतं.

"पोरी," बाबा एकदा वाडीत केळींना पानी सोडता सोडता म्हणाले, "पाहुने येतो म्हनतात. मुलगा चांगला हाय. काय सांगू?"

"टर्म संपू दे, बाबा."

"बरं. मग सुट्टी लागली की येनाऱ्या रविवारी." बाबांचं, नथू पाटलांचं, असंच. बरं म्हटलं की बरं. त्यांनी पाहुण्यांना थोपवून धरलं, आणि मी ही गोष्ट मनाच्या माळ्यावर टाकून दिली. मेलरॉयला सांगितली नाही. काय म्हणून सांगणार होते? तो माझा कोण होता?

कोण होता ते मला सुकेळीच्या दिवशी कळलं. आमच्याकडे अजून राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि पानात बांधून ठेवतात. आता फार थोडी घरं उरलीत करणारी. मी एक पुडा त्याच्यासमोर ठेवला.

"सुकेळी? आमच्या राजोडीत आता कोणी करत नाही. कोणी केली?"

"मी."

"जा गं. तू आणि केळी सोलणार."

"बोटं बघ हवी तर."

त्याने खरंच माझा हात हातात घेतला. केळीच्या चिकाने बोटांची टोकं काळी झाली होती, मला एकदम लाज वाटली. तो बघत राहिला… बोटं बघायला लागतो त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ. पंखा गरगरत होता. खालून मुलांचा गोंगाट येत होता. मी हात काढून घेतला नाही.

"गोड आहे," तो म्हणाला.

"अजून खाल्लं कुठे आहेस?"

"खातो," म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तो राजोडीचा कॅथलिक, मी गिरीजची हिंदू. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नात जेवायला जातात, पण एकमेकांशी लग्न म्हटलं की तोच घास घशात अडकतो. मला हे सगळं कळत होतं. तरी सकाळी डबा भरताना मी दोघांचा भरत होते आणि आईला सांगत होते की हल्ली फार भूक लागते.

कार्यक्रम छान झाला. पेंग्विनांनी माना हलवून गाणं म्हटलं, आया रडल्या, बापांनी व्हिडिओ काढले. मी विंगेत उभी होते. कीबोर्ड वाजवता वाजवता त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि पुढचं कडवं सुरू करायचंच विसरला. मुलांनी आपलं आपण सुरू केलं म्हणून निभावलं.

पडदा पडल्यावर तो गर्दीतून वाट काढत आला. "रंभा, मला बोलायचंय तुझ्याशी."

"टर्म संपू दे." मी हसत म्हटलं.

"त्याच्या आधी."

"रिपोर्ट कार्डं लिहायचीत, मेलरॉय. मान वर करायला फुरसत नाही."

फुरसत होती. भीती वाटत होती, हे खरं कारण. तो बोलला असता तर मला घरी बोलावं लागलं असतं, आणि घरी बोलायचं म्हणजे बाबांच्या चेहऱ्याकडे बघून बोलायचं. तेवढं बळ सुट्टी लागेपर्यंत गोळा करू, असा माझा हिशेब होता.

आता सॅशबद्दल सांगते.

आमच्या शाळेत शेवटच्या दिवशी 'क्लॅप आउट' असतो. तळमजल्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना अख्खी शाळा उभी राहते आणि मधून शाळा सोडून जाणारे चालत जातात. सगळे टाळ्या वाजवत त्यांना गेटपर्यंत पोचवतात. बारावीच्या मुलांच्या खांद्यावरून तिरका पिवळा पट्टा, म्हणजे सॅश, असते, जाणाऱ्या टीचरांच्या खांद्यावर निळी. कुठले टीचर चाललेत हे मात्र त्या क्षणापर्यंत गुपित असतं. आधी कळलं तर पालक बिथरतात, म्हणून प्रिस्का मॅडम जाणाऱ्याकडून शब्द घेतात की कोणापाशी बोलायचं नाही. निळी सॅश कोणाच्या अंगावर दिसते त्यावरूनच आम्हाला कळतं.

यंदा सॅश करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मराठीच्या टीचरला असली कामं देतात, तिला काय, वेळच वेळ. मी सॅटिनचं कापड घेऊन म्युझिक रूममध्ये फतकल मारून बसले. पिवळ्या झाल्या. मग निळं कापड काढलं.

"मेलरॉय, उभा राहा जरा. माप घेते."

तो कीबोर्डपाशी होता. बोटं थांबली. "माझं कशाला?"

"कोण जाणार ते सांगत नाहीत ना. मग कुठल्यातरी सरासरी माणसाचं माप घ्यायचं."

"मी सरासरी?"

"उंचीने. बाकी सगळ्यात सरासरीच्या खाली."

एरवी त्याने लगेच परतफेड केली असती. त्या दिवशी नुसता येऊन उभा राहिला. मी पट्टी त्याच्या खांद्यावरून तिरकी घेतली, कमरेपाशी आणली, टाचणी लावायला वाकले. माझा हात त्याच्या शर्टाला लागला. त्याचा श्वास अडकल्यासारखा झाला, आणि मी… मला वाटलं तो माझ्यामुळे अडकला. किती खूश झाले होते मी.

"निळं छान दिसतं तुला," मी म्हटलं.

"रंभा…"

"हलू नकोस, टाचणी लागेल."

"रंभा, समजा मी—"

"समजा-बिमजा सगळं टर्म संपल्यावर. शेवटच्या दिवशी, टाळ्या वाजवून झाल्या की, बास्केटबॉलच्या कोर्टामागे बदामाच्या झाडाखाली ये. मलापण सांगायचंय काहीतरी."

तो खाली बसला आणि सोनेरी अक्षरं एकेक करून माझ्या हातात देत गेला. मी ती गरम गोंदाने चिकटवत गेले. 'थँक यू'. शेवटचा 'यू' तिरका लागला. काढायला गेले तर कापड ओढलं जायला लागलं.

"असू दे," तो म्हणाला. "ज्याला मिळेल तो सांभाळून घेईल."

शेवटच्या दिवशी मी आईची अंजिरी साडी नेसले. पर्समध्ये सुकेळीचा पुडा होता. सकाळी वाडीतून निघताना मी मनाशी सगळं ठरवलं होतं. आधी त्याच्याशी बोलायचं, मग घरी येऊन बाबांना सांगायचं की रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. जे होईल ते होईल. रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की मी रिक्षावाल्यालाही हॅपी हॉलिडेज म्हटलं.

मुलांना मी कॉरिडॉरमध्ये रांगेत उभं केलं. "शेवटचा माणूस गेटबाहेर जाईपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत," मी बजावलं. "हात दुखले तरी. जाणाऱ्याला वाईट वाटतं."

आधी बारावीची मुलं गेली, रडत, एकमेकांच्या गळ्यात पडत. मग निळ्या सॅश आल्या. केमिस्ट्रीचे शॉन सर. त्यांच्यामागे लायब्ररीतल्या विनी मॅडम. मी मान उंचावून मेलरॉयला शोधत होते. समोरच्या रांगेत तो नव्हता. माझ्या बाजूलाही नव्हता.

मग तो वळणावरून आला. मधून चालत. खांद्यावर निळी सॅश, आणि तिच्यावरचा 'यू' तिरका.

पहिल्यांदा मला वाटलं गंमत करतोय. हा माणूस कशाचीही गंमत करतो. मग त्याचा चेहरा दिसला. तो त्या पहिल्या दिवसासारखा मुद्दाम गंभीर केलेला नव्हता, खरंच गंभीर होता.

माझ्या मुलांनी त्याला बघितलं आणि कोणीही न सांगता गायला लागली. *बर्फ गेला, पाणी झालं…* आधी एक, मग सगळे. तो माझ्यासमोर येऊन थांबला. रांगेत कोणी थांबत नाही, मागून येणारे खोळंबतात. मला त्याचा हात धरायचा होता. मला ओरडायचं होतं की जाऊ नको. अख्खी शाळा बघत होती.

"पुढे हो," मी म्हटलं. "लाईन अडते."

तो पुढे गेला. शेजारून माझ्या वर्गातल्या ॲनिशाने माझा पदर ओढला. "मिस, तुम्ही टाळ्या थांबवल्या." मग मी वाजवल्या. शेवटचा माणूस गेटबाहेर जाईपर्यंत वाजवल्या.

बदामाच्या झाडाखाली तो आधीच येऊन उभा होता. सॅश अजून अंगावर होती.

"कुठे?" मी विचारलं.

"मस्कत. तिथली शाळा आहे. दोन वर्षं."

"कधी ठरलं?"

"फेब्रुवारीत सही केली. तू एप्रिलमध्ये भेटलीस, रंभा." तो खाली बघत होता. "मम्मीने अख्ख्या गावाला सांगून झालंय. परवाची फ्लाइट आहे."

"आणि मला?"

"मॅडमना शब्द दिला होता. पण ते निमित्त झालं. तुला सांगितलं असतं तर तू वर यायची बंद झाली असतीस. मला ते नको होतं." मग म्हणाला, "माझं चुकलं."

त्याच्यावर चिडायला हवं होतं. चिडताही येईना. तो दर वेळी बोलायला आला आणि मीच दर वेळी टर्म संपू दे म्हटलं.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. इतके दिवस घोकलेलं, आणि आलं कसं, हजेरी घेतल्यासारखं. "खूप आवडतोस. हेच सांगायचं होतं."

त्याचे डोळे भरून आले. "मलाही," म्हणाला. "तुझ्यापेक्षा जास्त. पेंग्विनपासून."

"रविवारी मला बघायला येणार आहेत."

हेही मी त्याला तेव्हाच सांगितलं. आणि मी वाट बघत होते. खरं सांगते, मी फक्त एका शब्दाची वाट बघत होते. त्याने 'थांब' म्हटलं असतं तर मी थांबले असते. दोन वर्षं काय, म्हातारी होईपर्यंत थांबले असते. बाबांशी बोलले असते, त्याच्या मम्मीच्या पाया पडले असते.

"तुला थांब असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?" तो म्हणाला. "दोन वर्षांनी काय होईल मला माहीत नाही. तिथून मी काही करू शकणार नाही. तुझं आयुष्य…"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

मीही जाऊ नको म्हटलं नाही. त्याची नोकरी होती, त्याची मम्मी होती, मी कोण अडवणारी? आम्ही दोघंही फार चांगले वागलो. आग लागो त्या चांगुलपणाला.

मी पर्समधून पुडा काढून त्याच्या हातात दिला. "तिकडे ऊन भरपूर आहे म्हणतात. पण हे मिळायचं नाही." त्याने पुडा घेतला, माझ्या बोटांकडे बघितलं. मग खांद्यावरची सॅश काढून द्यायला लागला.

"ती तुझी आहे," मी म्हटलं. "मी तुझ्याच मापाची केली."

स्कूलबसचा हॉर्न वाजला. आम्ही दोघं वेगवेगळ्या गेटांनी बाहेर पडलो.

रविवारी सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. माझे डोळे सुजलेले त्यांना दिसले.

"कोनी मनात हाय का तुझ्या?" त्यांनी विचारलं. "असंल तर सांग. येऊ नका सांगतो त्यांना. मग कोनीबी असो, बसून बोलू."

एवढंच होतं. ज्या एका क्षणाला घाबरून मी अख्खा महिना काढला, तो असा होता. कोणीही असो, बसून बोलू. मला इतकं रडू आलं की मी उशीत तोंड खुपसलं. बाबांनी पाठीवर हात ठेवला. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "येऊ द्या त्यांना. आता कोणी नाही."

पाहुणे दुपारी आले. मुलाचं नाव हरेश. गोखिवऱ्याला त्याचं खोके बनवायचं छोटं युनिट आहे. माणूस सरळ दिसला. मी पोहे दिले, सोबत सुकेळी ठेवली. त्याने एक उचलली आणि छान झालीय म्हणाला. मी बोटं पदरात घेतली.

आमची ओळख व्हावी म्हणून मोठी माणसं वाडी बघायला उठली. तो जरा वेळ चाचपडला.

"तुम्ही इंटरनॅशनल स्कूलमध्ये ना?" शेवटी त्याने विचारलं. "टर्म संपली का तुमची?"

"हो," मी म्हटलं. "संपली."